शेवटचं वाक्य तालमीत बोलत नाहीत

तुम्ही मला न विचारता ठरवून टाकलंत, की माझं डोकं गेलं. ठरवलंत ते ठरवलंत, वर ते तोंडावर सांगायलाही आला नाहीत. ध्वनियंत्रणा बघणाऱ्या ग्लेनच्या हाती एक डबी पाठवून दिलीत. अंगठी ठेवतात तसली डबी. मंगळवारी दुपारी चहाची सुट्टी झाली होती आणि मी रिकाम्या प्रेक्षागृहात बूट काढून बसलो होतो, कारण नाटकातले ते रबरी बूट मला घट्ट होतात आणि कपडेपटात हे सांगून सांगून मी दमलो आहे. ग्लेन माझ्याशेजारी उकिडवा बसला. दवाखान्यात आजोबांना भेटायला आलेला नातू बसतो तसा. 'नॉरिस,' तो म्हणाला, 'हे जरा कानात घालून बघता का? टोचलं तर सांगा.' डबीत कातडीच्या रंगाचं, वाटाण्याएवढं काहीतरी होतं. मला वाटलं, बहिऱ्यांचं यंत्र असेल. म्हटलं, 'बाबा रे, माझे कान शाबूत आहेत. काल विंगेत तू माझ्या विगबद्दल काय म्हणालास तेही ऐकलंय.' तो लाल झाला. 'तसं नाही हो. हे ओळ सांगतं. आतल्या आत. प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. मोठमोठी माणसं वापरतात हल्ली.' मी विचारलं, 'कुणाची ओळ?' 'तुमचीच. शेवटची.' आणि त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. माझ्या गुडघ्यावर आजवर एक पाद्री आणि एक डॉक्टर एवढ्यांनीच थोपटलं आहे, आणि दोन्ही वेळा पुढची बातमी वाईट होती.

तेव्हा कुठे मला मागचे सगळे आठवडे उलगडले. नाटक तुम्हाला माहीत आहे, निर्माते तुम्ही, पैसा तुमचा आहे. नदीच्या मुखावरचं घर, पाणी दरवर्षी जमीन खातंय, घरातली माणसं जायचं की राहायचं यावर भांडतायत. मी बांधावरचा राखणदार. प्रत्येक अंकात मी दारात येतो, पाणी कुठवर आलं ते सांगतो, टोपी घालतो आणि जातो. शेवटी सगळे निघून जातात. मग मी पुन्हा येतो, आणि बातमी सांगायला घरात कोणी नसतं. मी कंदील उचलतो, रिकाम्या खोलीकडे बघतो आणि एक वाक्य बोलतो. अंधार. संपलं. आता हे वाक्य मी तालमीत बोललो नाही. कंदील उचलायचो, हात जरा वर करायचो आणि जिथे वाक्य यायचं तिथे 'टम टी टम टम' म्हणायचो. कारण शेवटचं वाक्य तालमीत बोलत नाहीत. ते पहिल्या प्रयोगाला, खुर्च्यांत माणसं बसलेली असताना, पहिल्यांदा बोलायचं असतं. रंगमंचावर शीळ घालत नाहीत, अपशकुन होतो म्हणून, तसंच हे. मी कोणाला समजावून सांगितलं नाही, कारण जेवताना तोंड मिटून चावावं हे कोणी कोणाला समजावून सांगतं का? पहिल्या दिवशी आमची दिग्दर्शिका टॅम्सिन हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाही. तिसऱ्या दिवशी अंधारातून तिच्या मदतनीस मुलीचा, हेस्टरचा, बारीक आवाज आला. ती माझं वाक्य वाचून दाखवत होती. मी घाबरून दोन्ही कानांवर हात दाबले. सगळ्यांसमोर, लहान मुलासारखे. त्याचा तुम्ही लोकांनी काय अर्थ लावला असेल ते आता कळतं. त्यानंतर माझ्या चहात न मागता साखर यायला लागली. माणसं माझ्याशी थांबून थांबून, ओठ नीट हलवून बोलायला लागली. एका सकाळी टॅम्सिन जिन्यात भेटली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, 'मी टॅम्सिन हं, नॉरिस.' मला वाटलं, हा काहीतरी नवीन व्यायाम आहे, हल्ली तालमीच्या आधी करतात तसला. मीही छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, 'मी नॉरिस.' तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मूर्ख म्हातारा! मला वाटलं, या पोरीला मी आवडतो.

शेवटच्या वाक्याचं हे मला आयव्ही कॅटरमोलने शिकवलं. ती मेली, तिची नाटक कंपनी मेली, ते समुद्रकाठचं थिएटर पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली. मी ओल्डमच्या सूतगिरणीतून तिच्याकडे गेलो तेव्हा मला इस्त्रीची विजार नव्हती. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, पुढचं जे काही शिकलो ते विंगेत उभं राहून, दुसऱ्यांचे संवाद ऐकत. दर सोमवारी नवं नाटक. संध्याकाळी एक खेळायचं, सकाळी दुसऱ्याची तालीम करायची आणि तिसरं उशाखाली. आयव्ही गळ्यात कोल्ह्याचं कातडं घालायची. कोल्ह्याचा एक काचेचा डोळा गळून पडला होता, त्यामुळे तो सतत आपल्याला डोळा मारतोय असं वाटायचं. एकदा एक नट आजारी पडला आणि तालमीत त्याच्या जागी मला उभं केलं. मी उत्साहाने शेवटपर्यंत सगळं म्हटलं, शेवटचं वाक्यही म्हटलं, चांगलं खणखणीत. आयव्ही खालून वर आली आणि तिने माझ्या मुस्काटात मारली. 'मेल्या, ते वाक्य तुझं आहे का?' मी म्हटलं, 'नाही, आल्बर्टचं आहे.' 'आल्बर्टचंही नाही! जी बाई पावसात तिकिटाच्या रांगेत उभी राहणार आहे ना, तिचं आहे. रिकाम्या खुर्च्यांना नाटक संपलं म्हणून सांगू नये. त्या ऐकतात.' मी पुढचा आठवडाभर वाट बघितली. वाटलं, छत कोसळेल, आल्बर्ट मरेल, आग लागेल. काही झालं नाही. आल्बर्ट बरा होऊन आला, नाटक चाललं, शनिवारी उतरलं. आणि गंमत अशी, की तेव्हापासून माझा त्यावर पक्का विश्वास बसला. काही घडलं असतं तर कदाचित बसला नसता. देवाचं माझं जमलं नाही, पक्षाचं जमलं नाही, लग्नाचं तर नाहीच नाही. एवढी एकच गोष्ट मी कधी मोडली नाही. ती मोडायची वेळच आली नाही म्हणा. शेवटचं वाक्य मला कोण देणार होतं?

कारण मी बातमी आणणारा माणूस. माझं सगळं आयुष्य दारात गेलं. 'गाडी आली आहे, बाईसाहेब.' 'साहेब, पोलीस आलेत.' पोलीसही मीच असायचो, दुसऱ्या आठवड्यात. 'मृत्यू पहाटेच्या सुमारास झाला असावा.' बोलायचं आणि निघायचं, की मग खरी माणसं त्या बातमीवर रडायची, भांडायची, एकमेकांना मिठी मारायची, आणि मी विंगेतून ते ऐकत पुढच्या कपड्यांची बटणं लावायचो. नोकर, पाद्री, स्टेशनमास्तर, हमाल, जज्ज, कसाई, दुसरा शिपाई. पहिला शिपाई कधी नाही. सिनेमात गेलो तेव्हा मला वाटलं, आता चेहरा लोकांना कळेल. एका मोठ्या चित्रपटात मी बंदरावरचा अधिकारी होतो, नायकाच्या पासपोर्टवर शिक्का मारणारा. तीन दिवस काम केलं. चित्रपट लागला तेव्हा आई, मावशी, गल्लीतली चार माणसं घेऊन बघायला गेलो. पडद्यावर फक्त माझे हात होते. आई म्हणाली, 'नखं तरी कापायचीस.' ते हात जगभर गेले असतील. पुढे दूरचित्रवाणीने मला पोसलं, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं लोकांच्या दिवाणखान्यात रोज रात्री कोणाच्या ना कोणाच्या दारावर मी टकटक करत होतो. त्यामुळे रस्त्यात लोक थांबतात. नाव कोणाला माहीत नसतं. डोळे बारीक करून बघतात आणि विचारतात, 'तुम्ही आमच्याकडे गॅसचा बंब दुरुस्त करायला आला होतात ना?' मी सुरुवातीला सांगायचो, नाही हो, मी नट आहे. मग ते ओशाळायचे, मला वाईट वाटायचं. आता मी विचारतो, 'कसा चाललाय बंब?' 'मस्त,' म्हणतात. 'तुम्ही गेल्यापासून एकदाही बिघडला नाही.' मला इतकं बरं वाटतं, की काय सांगू. अलीकडे तर मी प्रेतंच करतो. म्हातारं प्रेत लागलं की फोन येतो. प्रेताचं काम वाईट नसतं. पाठांतर नाही. श्वास कोंडून पडायचं, वर दोन तपासनीस माझ्याबद्दल चर्चा करत असतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळी खोली माझ्याकडे बघत असते.

मेविस, माझी बायको होती ती, जाताना म्हणाली होती, 'नॉरिस, तू घरात असतोस तेव्हाही असा दारात उभा असतोस, जसं काही सांगायचंय आणि लगेच निघायचंय.' मी कोट घातलेलाच होतो. तिचं बोलणं ऐकून काढला. ती हसली आणि गेली. तिला दोष देत नाही. बारा गावच्या बारा खोल्या, प्रत्येक खोलीत तीच लोखंडी खाट, तोच डुगडुगणारा हीटर, आणि रविवारी गाड्या बदलत पुढचं गाव. कुठल्या बाईने किती वर्षं हे करावं? पण ते वाक्य तिने फेकलं ते असं माझ्यात रुतून बसलं, की या नाटकाची संहिता हातात आली आणि शेवटच्या पानावर वाचलं, 'राखणदार आत येतो. जात नाही,' तेव्हा मला खोलीत एकट्याला घाम फुटला. जात नाही! मला थांबायला सांगत होते. कोणीतरी तरुण लेखक, तेवीस-चोवीसचा, मला कधी न भेटलेला, आणि त्याने माझ्यासाठी शेवटचं वाक्य लिहून ठेवलं होतं. ते मी कसं पाठ केलं ते तुम्हाला सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल तुम्ही कशावर पाय दिलात. मोठ्याने नाही. पुटपुटूनही नाही. न्हाणीघरात सुद्धा नाही. जीभ दातांखाली धरून, नुसत्या डोळ्यांनी. पानावर बशी झाकून ठेवायची, मनात शब्द उभे करायचे, बशी उचलून बघायचं. रोज. छोटंसं वाक्य आहे, शाळेतलं पोर दोन मिनिटांत पाठ करील. मला घाई नव्हती. तोंडात खडीसाखर असावी आणि ती चावायची नाही असं ठरवावं, तसे ते दिवस होते. या गावातल्या करड्या पाण्याच्या काठाने सकाळी चालताना माझ्याजवळ काहीतरी आहे, जे मी अजून कोणाला दिलेलं नाही, असं वाटायचं. एकटा माणूस अशा गोष्टींवर किती दिवस काढू शकतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुमच्याकडे सतत बैठका असतात.

डबी मिळाल्यावर मी ऑड्रीकडे गेलो. ऑड्री फेल्प्स, घरातली आई करते ती. माझ्याच पिढीची, असल्याच एका कंपनीत झाडू मारून वर आलेली. ती समोरच्या पबमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते. मी डबी तिच्यासमोर उघडली. 'हे बघ त्यांनी काय दिलंय. ऑड्री, तू सांग त्यांना. शेवटचं वाक्य बोलत नाहीत हे तुला तर माहीत आहे.' 'माहीत आहे की रे, नॉरी.' 'मग बोलली का नाहीस इतके दिवस?' तिने पेल्यातली लिंबाची फोड काढली आणि चोखत बसली. मग म्हणाली, 'मीही हेच केलं असतं.' 'काय केलं असतं?' 'हेच. जुनी रीत आहे म्हणून सांगायचं. फार छान शोधलंस. कोणाला बोट ठेवायला जागा नाही.' मी म्हटलं, 'मी काही शोधलं नाही, बाई! मला येतंय ते वाक्य.' 'हो, हो. हळू बोल. माझ्याजवळ हरकत नाही रे राजा. गेल्या वर्षी त्या नाटकात मी तिन्ही अंक विणत बसले होते, आठवतं? सगळे म्हणाले, काय बारकावा आहे, काय आईपण आहे. लोकरीच्या गोळ्याखाली माझे संवाद होते.' ती हसली. मी हसलो नाही. तिने माझा हात धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, 'घाल रे ते. सुरुवातीला गार लागतं, मग आपलंच वाटतं. आपल्याला काय, अजून दोन वर्षं काढायचीत.' तिच्या बोटांना लिंबाचा वास येत होता. या सबंध इमारतीत ती रीत माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला ती माझी सबब वाटली. मी बाहेर आलो. समोर आपल्या नाटकाचं मोठं चित्र लावलंय, त्यात मी कडेला आहे, अर्धा कान कापला गेलाय.

आणि मग, हेच तुमचं खरं काम, मग मला शंका आली. ती बुधवारी सकाळी आली, म्हणजे आज, मिसेस ब्लेन्किनच्या स्वयंपाकघरात. मी तिच्याकडे भाड्याने राहतो. ती तव्यावर पाव तळत होती. 'अंडं एक का दोन?' तिने विचारलं. मी त्याच वेळी मनात वाक्य उभं करत होतो, नेहमीसारखं, आणि दोन शब्दांची जागा मला एकदम अनोळखी वाटली. हा आधी की तो आधी? मी वर खोलीत पळत गेलो, संहिता उघडली. बरोबर होतं. मिटली. पुन्हा शंका. दाराला कुलूप लावलं की नाही म्हणून माणूस अर्ध्या रस्त्यातून परत येतो, तसा मी त्या पानाकडे परत परत गेलो. जे वाक्य कधी जिभेवर आलंच नाही ते पाठ आहे असं कसं म्हणायचं? डोळ्याला पाठ असेल. जिभेला? इतकी वर्षं मी शब्द जिभेवर ठेवून जगलो, डोक्यावर भरवसा कधी ठेवला नाही. डोकं शाळेत जाऊन आलेल्यांचं असतं. खालून मिसेस ब्लेन्किन ओरडली, 'अहो मिस्टर गार्साइड, अंड्याचं काय?' आणि मला सांगता येईना. एक की दोन, एवढं सांगता येईना. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिलो. शहाण्या माणसाला दहा जणांनी मायेने विचारलं, की बाबा तुला काही होतंय का, तर अकराव्याला तो खुर्ची शोधतो. हे तुम्ही केलंत. पाणी बांधाला खालून पोखरतं, वरून गवत हिरवंच असतं. हे माझ्याच पहिल्या अंकातलं वाक्य आहे आणि ते मला पूर्ण येतं.

दहा वाजता टॅम्सिनच्या खोलीत बोलावणं होतं. तुम्ही होतात तिथे. दाराशी उभे, अंगात कोट, हातात संहिता, शेवटच्या पानात बोट. खुर्ची रिकामी असून बसला नाहीत. मी तसं उभं राहणं ओळखतो. मी आयुष्यभर ते केलं आहे. टॅम्सिन टेबलावरून उठून माझ्याजवळ आली. 'नॉरिस, डार्लिंग, कोणी तुमच्यावर आरोप करत नाहीये.' मी म्हटलं, 'आरोप करा ना. आरोपाला उत्तर देता येतं.' मग मी सगळं सांगितलं. रीत सांगितली, आयव्ही सांगितली, ती थोबाडीत सांगितली. आणि बोलता बोलता मला ऐकू यायला लागलं, की हे किती खोटं वाटतंय. अगदी नेमकं असंच बोलेल, विसरलेला माणूस. तपशील फार होते. कोल्ह्याचा डोळा सांगायला नको होता. हेस्टर मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होती. टॅम्सिन म्हणाली, 'किती सुंदर आहे हे. कुठे लिहिलेलं आहे का?' 'शीळ घालू नये हे कुठे लिहिलंय?' ती म्हणाली, 'शीळ का घालू नये?' आणि खरंच विचारत होती. वाईट नाही ती पोर. कॅमेऱ्याच्या जगातून आली आहे, तिथे शेवटचं वाक्य पहिल्या दिवशी घेतात. तिने माझे दोन्ही हात धरले. 'मग आत्ता म्हणा. एकदाच. हे थिएटर नाही, ऑफिस आहे. म्हणालात की ती डबी मी स्वतः ग्लेनला परत देते. शब्द देते.'

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नजर काढली नाहीत. किटली उकळायला लागली होती. भिंतीला कोणाची तरी सायकल टेकवलेली, चाकाखाली पाण्याचं थारोळं. वर नळीचा दिवा, ज्याच्याखाली जिवंत माणूसही माझ्या प्रेतांसारखा दिसतो. मला वाटलं, नाही म्हणावं आणि निघावं. निघणं मला येतं. पण नाही म्हटलं तर तो वाटाणा कानात, आणि उद्या माणसांनी भरलेल्या थिएटरात हेस्टरचा बारीक आवाज माझं वाक्य माझ्याआधी बोलणार, माझ्याच डोक्यात. आणि हो म्हटलं तर मी जे आयुष्यभर सांभाळलं ते या किटलीला आणि सायकलीला देऊन टाकणार. काय करायचं होतं मी? तुम्ही काय केलं असतंत? मी जिभेवरून दात काढले. कंदील धरतात तसा हात आपोआप वर गेला. आणि मी बोललो. ते कसं आलं ते मला माहीत आहे: आधी छातीत, मग घशात गरम, मग बाहेर गार. आवाज मोठा नव्हता. शेवटचा शब्द संपल्यावर मला दारापलीकडून कोणीतरी श्वास सोडल्यासारखं ऐकू आलं, किटली असेल. हेस्टरच्या हातातली पेन्सिल पडली. टॅम्सिनने तोंडावर हात ठेवला. 'वा,' ती म्हणाली. 'नॉरिस. किती सुंदर.' मी वाट बघत होतो. तिने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही मान किंचित हलवलीत. उजवीकडे, डावीकडे. एवढीच. आणि ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता, गुडघ्यावर थोपटणाऱ्यांचा झाला होता. 'तरी ते राहू दे कानात,' ती म्हणाली. 'नुसतं. आम्ही चालूही करणार नाही. तुमच्याच मनाच्या शांतीसाठी.' शब्द दिला होता. कोणाला दिला होता? मला नाही. एका गोंडस म्हाताऱ्याला दिला होता, आणि तसल्यांना दिलेले शब्द मोडता येतात.

जिना उतरताना मध्येच माझे पाय थांबले. सुंदर म्हणाली ती. बरोबर म्हणाली नाही. हेस्टरच्या हातात पेन्सिल होती, संहिता नव्हती. टॅम्सिन माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. दोघीही माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, हाच तो चेहरा, जो त्या सिनेमाने कापला, आणि बघा, आज सगळ्यांना हवा होता. शब्दांकडे त्या दोघींचं लक्ष नव्हतं. मी नेमकं काय बोललो? मी कठड्याला धरून आठवायला लागलो. आठवतं ते संहितेतलं वाक्य आठवतं, अक्षरन् अक्षर, छापलेलं. पण मी ते बोललो, की जे बोललो त्याच्यावर आता ते छापलेलं बसलंय? ते दोन शब्द, सकाळी अनोळखी झालेले, ते मी कुठल्या क्रमाने म्हटले? गार लागलं एवढंच खात्रीने सांगता येतं. कोणाला फोन करून विचारावं म्हटलं तर कोणाला? मेविस आता पोर्तुगालात असते, तिला काय सांगणार? मी एक वाक्य म्हटलंय, ते बरोबर होतं का सांग? जगात ते वाक्य माहीत असलेली माणसं मूठभर, लेखक सोडला तर ती सगळी या इमारतीत आहेत, आणि ती सगळी माझ्याशी इतक्या मायेने वागतात, की खरं काही सांगणार नाहीत. ऑड्री म्हणेल, 'छान झालं रे राजा.' ग्लेन थोपटेल. माझ्याशी माया नसलेले इथे तुम्ही एकटे आहात.

म्हणून मी पुन्हा वर आलो आहे आणि तुमच्या बंद दारासमोरच्या बाकावर बसलो आहे. तुमची सेक्रेटरी दोनदा विचारून गेली, 'काही आणू का? पाणी? कोणाला बोलावू का?' मी म्हटलं, मी हरवलेलो नाही बाई, मी थांबलोय. काचेतून तुमचा कोट दिसतो, खुंटीवर नाही, अंगावरच. संध्याकाळी रंगीत तालीम आहे, उद्या प्रयोग. मला काढायचं असेल तर काढा. बदली नट तयार आहे, जिन्यात तो माझी नजर चुकवतो. वाटाणा घाला म्हणत असाल तर घालतो. पण हे सगळं तुम्ही ज्या एका गोष्टीवर ठरवलंत ती गोष्ट माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. मी बोलत होतो तेव्हा खोलीतल्या एकाच माणसाची मान खाली होती, एकाच माणसाचं बोट ओळीवरून फिरत होतं. ते बोट मी बघितलं. मग तुम्ही मान हलवलीत. ती हलवलीत ते मी चुकलो म्हणून, की मी चुकलो नाही तरी चालणार नव्हतं म्हणून? चुकलो असेन तर इथेच, तुमच्या दारात, मी ते माझ्या हाताने कानात घालतो आणि पुन्हा तोंड उघडत नाही. नसेन चुकलो, तर तुम्ही उठा, टॅम्सिनला बोलवा, ग्लेनला बोलवा, ऑड्रीलाही, आणि त्यांच्यासमोर तेवढा एक शब्द उच्चारा. छान झालं का ते विचारत नाही मी. म्हाताऱ्याने मन हेलावून टाकलं का तेही नाही. दार उघडा आणि सांगा: मी जे बोललो ते कागदावर होतं तसंच होतं का? हो, की नाही?